पोट राहत नाही, मग निरोध कशाला?

निरोध १९६८ साली आला तो पाळणा लांबवायला. एड्स पुढे आला, तेव्हा पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या खान्देशी पुरुषाचा हिशेब सरळ होता : ‘पोट ते ऱ्हास नई, मंग निरोध कसाले?’ एड्सच्या पाट्याही बाहेरच्या बाईपासून जपायला सांगायच्या. बाई नाही म्हणजे धोका नाही, असं कुणी धरून चाललं तर त्याचं काय चुकलं?

मुंबईत १९९० साली समलैंगिकांसाठी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक निघालं. १९९४मध्ये अशोक राव कवींनी हमसफर ट्रस्ट उभा केला, २००२मध्ये बिंदुमाधव खिरेंनी पुण्यात समपथिक ट्रस्ट. जळगाव-धुळ्याकडे या पुरुषांमधलं काम आलं ते मुख्यतः नाकोच्या, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संघटनेच्या, योजनेतून. साठेक जणांमागे त्यांच्यातलाच एक ‘पियर’. कागदावर सगळे ‘एमएसएम’, म्हणजे पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष; आपसात कोती (घेणारा), पंथी (देणारा), नाहीतर डबल डेकर (दोन्ही). स्वतःला एमएसएम म्हणणारा मला तरी कुणी भेटला नाही.

पियरच्या पिशवीत लाकडी मॉडेल असायचं. पाकीट कडेने फाडायचं, टोक चिमटीत धरून हवा काढायची, मग उलगडायचं. इथवर सगळ्यांना पाठ. अडायचं ते वंगणाच्या जेलीपाशी. निरोधाची खोकी यायची, जेली कधीमधी. मग हाताशी असेल ते खोबरेल. तेलाने रबर कमजोर होतं, निरोध फाटतो. रजिस्टरात वाटलेल्या निरोधांचा आकडा भरायचा, फाटलेल्यांचा रकानाच नव्हता.

ही पिशवी बाळगणंही जोखमीचं. जुलै २००१मध्ये लखनौत असंच काम करणाऱ्यांना समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाखाली अटक झाली होती. ते कलम २००९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सैल केलं, २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा आवळलं आणि ६ सप्टेंबर २०१८ला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं काढून टाकलं. चारच दिवसांनी एचआयव्हीबाधितांशी भेदभावाला मनाई करणारा कायदा लागू झाला.

आता ओळखी मोबाइलवर होतात. भेटण्याच्या ठरलेल्या जागा ओस पडल्या, पियरही ॲपवर गेला. मोबाइल बंद करून जेवायला घरी जाणारा, बायको-पोरं असलेला गडी मात्र तेव्हाही पियरच्या यादीत नव्हता, आजही नाही. एचआयव्हीच्या गोळ्या देणारं एआरटी केंद्र जळगावला आहे, धुळ्यालाही. तरी कुणी ओळखू नये म्हणून जळगावचा एखादा गोळ्या आणायला धुळ्याची एसटी पकडतो, धुळ्याचा नाशिकची. घरी सांगतो, कापसाच्या पैशांचं काम आहे.