मोडेम लिनक्सला का दिसत नसे?

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने आपल्या देशात इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. त्या काळी संगणक टेलिफोनच्या तारेला जोडायचा तर मोडेम लागे. बाहेर ठेवायचा मोडेम महाग, संगणकाच्या पोटात बसणारा स्वस्त. विंडोजचा खर्च नको म्हणून ज्यांनी फुकट मिळणारे लिनक्स घातले, त्यांची पंचाईत इथेच होई. कार्ड जागेवर, तार जोडलेली, पण लिनक्सच्या हिशेबी मोडेम नाहीच!

बहुतेक वेळा खोट लिनक्सची नसे, मालाची असे. पुष्कळ स्वस्त कार्डांवर मोडेमचे अर्धेच काम होई. उरलेले काम विंडोजमधला एक प्रोग्राम संगणकाच्या प्रोसेसरकडून करून घेई. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर ताणा दिला, बाणा गिऱ्हाइकाने घरून आणावा. अशा कार्डाला विनमोडेम म्हणत. असा माल विकणे गैर नाही, न सांगता विकणे गैर.

कार्ड पूर्ण असेल तर रस्ता होता. विंडोजमधला कॉम-३ लिनक्समध्ये टीटीवायएस-२ होतो, कारण लिनक्सची मोजणी शून्यापासून. जुन्या आयएसए कार्डांवर जंपर नावाच्या बारीक टोप्या असत. त्यांवरून कार्डाचा पोर्ट आणि आयआरक्यू क्रमांक ठरे. कॉम-१ आणि कॉम-३ या दोघांचा रिवाजाने आयआरक्यू ४. कॉम-१ वर माउस असला की झगडा ठरलेला. मग ५ क्रमांक मोकळा आहे हे पाहून जंपर तिथे न्यायचा, आणि सेटसीरियल या आज्ञेने लिनक्सलाही ५ कळवायचा. एकाला सांगून दुसऱ्याला न सांगितले तर मेहनत फुकट. बिनजंपरच्या प्लग अँड प्ले कार्डांसाठी वेगळी साधने वापरावी लागत. २००१ मध्ये आलेल्या २.४ कर्नेलने ते काम स्वतःकडे घेतले.

परीक्षा सोपी होती. मिनिकॉम उघडून एटी लिहायचे. उत्तरात ओके आले की मोडेम ओळखला गेला.

पुढे आलेल्या पीसीआय कार्डांत विनमोडेमच फार. लुसेंटसारख्या काही चिपांसाठी लिनक्सचे ड्रायव्हर नंतर मिळाले, पण कर्नेल बदलला की ते नव्याने बांधावे लागत.

टेलिफोनवरचे इंटरनेट आता मागे पडले. तरी बारकोडची लेबले छापणारा प्रिंटर घेताना सवाल तोच राहतो. लिनक्सवर चालेल का, हे दुकानदाराला आधी विचारावे आणि पैसे मोजण्यापूर्वी आपल्याच संगणकावर एक लेबल छापून पाहावे.