जुन्या पिकअप गाडीची निगा : दररोजची दहा मिनिटे आणि एक नोंदवही

ग्रामीण जीवनात एकेकाळी बैलगाडीचे जे स्थान होते, ते आज बऱ्याच अंशी मालवाहू पिकअप गाडीने घेतले आहे. पहाटे दुधाचे कॅन संकलन केंद्रावर पोहोचविणे, भाजीपाला बाजार समितीच्या आवारात वेळेवर नेणे, पेरणीच्या दिवसांत बियाणे व खते आणणे, उन्हाळ्यात पाण्याची टाकी वाडीवस्तीवर नेणे आणि प्रसंगी अडल्या-नडल्या रुग्णाला तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचविणे, ही सारी कामे ही गाडी करते. पुण्यात तयार झालेली टाटामोबाइल १९८८ साली रस्त्यावर आली. महिंद्र कंपनीची बोलेरो २००० साली बाजारात आली आणि पुढे त्याच नावाची पिकअपही खेडोपाडी पोहोचली. यांतील दहा-बारा वर्षे, काही त्याहूनही अधिक वर्षे वापरलेल्या अनेक गाड्या शेतकरी, दूध संस्था, बचत गट व छोटे व्यावसायिक यांच्याकडे आजही कामावर आहेत.

अशी गाडी ऐन वेळी बंद पडली, तर नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चापुरते मर्यादित राहत नाही. दूध नासते, टोमॅटोचा लिलाव हुकतो, टाकी वस्तीवर पोहोचत नाही. म्हणूनच जुन्या वाहनाच्या बाबतीत खरा प्रश्न त्याच्या वयाचा नसून भरवशाचा आहे. आणि भरवसा हा मोठ्या दुरुस्तीतून एकदम मिळत नाही. तो लहानसहान, परंतु नियमित निगराणीतून हळूहळू साठत जातो.

झीज अचानक होत नाही

यंत्राची झीज ही क्रमाक्रमाने होणारी क्रिया आहे आणि बहुतेक बिघाड आगाऊ सूचना देऊनच येतात. तेलाचा एक थेंब, ब्रेकचा वेगळा आवाज, किंचित वाढलेले तापमान, सकाळी सुरू होण्यास लागणारा जास्त वेळ या सर्व सूचनाच होत. त्या वाचणारा कोणी नसला म्हणजे बिघाड ‘अचानक’ झाला असे वाटते.

जुनी गाडी नव्याने ताब्यात आली असेल, तर प्रथम तिची पायाभूत तपासणी करून घ्यावी. पूर्वीच्या मालकाने सांगितलेल्या तोंडी माहितीवर विसंबून राहू नये. इंजिन ऑइल, गिअरबॉक्स व डिफरन्शियलचे ऑइल, ब्रेकमधील द्रव, कूलंट, सर्व फिल्टर, पंख्याचा पट्टा आणि रबरी नळ्या एकदाच पाहून आवश्यक ते बदलावे व त्या दिवसाचे किलोमीटर लिहून ठेवावेत. ज्या इंजिनात टायमिंगचा पट्टा रबरी आहे, तेथे तो कधी बदलला याचा लेखी पुरावा नसल्यास नवा घालणेच शहाणपणाचे. हा पट्टा चालत्या इंजिनात तुटल्यास अनेक प्रकारच्या इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून मोठी हानी होते.

इंजिनाचे वंगण

इंजिन ऑइलचे काम केवळ वंगणाचे नाही. ते आतील भाग थंड ठेवते आणि ज्वलनातून निर्माण होणारी काजळी स्वतःत सामावून घेते. डिझेल इंजिनाचे ऑइल थोड्याच दिवसांत काळे पडते, यात बिघाड नाही. मात्र काजळी धरून ठेवण्याची त्याची क्षमता मर्यादित असते. ती संपल्यावर तेच ऑइल झीज थांबविण्याऐवजी वाढवू लागते.

ऑइल पाहण्यासाठी गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबावे. डिपस्टिक पुसून पुन्हा घालावी व बाहेर काढून पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये असली पाहिजे. खालच्या खुणेखाली जाणे जितके घातक, तितकेच वरच्या खुणेपेक्षा अधिक भरणेही अयोग्य आहे. ऑइल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळत असल्याचा संशय घ्यावा आणि गाडी तशीच चालवू नये. ऑइलचा दर्जा व बदलण्याचे अंतर गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. धूळ, चढ आणि जड भार यांत सतत काम करणाऱ्या गाडीसाठी पुस्तिकेत कमी अंतर दिलेले असल्यास तेच पाळावे. ऑइलबरोबर त्याचा फिल्टरही बदलणे अगत्याचे आहे. टर्बो असलेल्या इंजिनाला चढावर श्रम झाले असतील, तर थांबल्यावर एखादे मिनिट ते मंद चालू ठेवून मगच बंद करावे.

पाणी आणि उष्णता

जुन्या इंजिनाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे अति उष्णता. रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी घालण्याची सवय अनेक ठिकाणी आढळते. त्यातील क्षार आतल्या अरुंद नळ्यांत साचतात, पाण्याचा प्रवाह कमी होतो आणि उष्णता बाहेर पडत नाही. पुस्तिकेत सांगितलेले कूलंट योग्य प्रमाणात, क्षारविरहित पाण्यात मिसळून वापरल्यास गंजही टळतो आणि उत्कलनबिंदूही वाढतो.

रेडिएटरचे झाकण साधे दिसले, तरी त्याचे कार्य महत्त्वाचे आहे. ते आतील दाब राखते. सुमारे ०.९ बार अधिक दाबाखाली साधे पाणीसुद्धा १०० ऐवजी ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते. झाकणाची स्प्रिंग किंवा रबर निकामी झाले, की हे संरक्षण नाहीसे होते आणि घाटात पाणी उकळू लागते. याच कारणामुळे तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच उकळते पाणी अंगावर उडते.

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा उपाय काही गॅरेजमध्ये केला जातो. तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅटशिवाय इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, इंधन अधिक लागते व झीज वाढते. शिवाय तापण्याचे मूळ कारण तसेच राहते.

हवा आणि इंधन

ऊसतोडणीच्या हंगामात किंवा कच्च्या रस्त्यावर इंजिनाला धुळीने भरलेली हवा ओढावी लागते. हवेचा फिल्टर फाटका किंवा सैल असल्यास ही धूळ सिलिंडरमध्ये जाऊन कानशीप्रमाणे घासते. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये. सौम्य दाबाच्या हवेने आतून बाहेरच्या दिशेने साफ करावा आणि मुदत संपताच बदलावा.

डिझेलमधील पाणी पंप व नोझल यांना घातक असते. ज्या गाडीत पाणी वेगळे करणारा फिल्टर आहे, त्याच्या तळाचा स्क्रू ठरावीक दिवसांनी उघडून पाणी काढावे. पावसाळ्यात टाकी बरीच रिकामी ठेवून गाडी रात्रभर उभी करू नये. रिकाम्या जागेतील दमट हवेतून पाणी जमते.

धुराचा रंगही बोलका असतो. सतत काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा इंधन अधिक. फिल्टर व नोझल तपासावेत. निळसर धूर म्हणजे ऑइल जळत आहे. इंजिन तापल्यानंतरही दाट पांढरा धूर येत राहिल्यास इंधन नीट जळत नसावे किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरत असावे.

ब्रेक, पाटे आणि टायर

इंजिन बंद पडल्यास गाडी थांबते. ब्रेक निकामी झाल्यास मात्र ती थांबत नाही. म्हणून काटकसर करावयाची झालीच, तर ती ब्रेकवर कधीही करू नये. ब्रेकमधील द्रव हवेतील ओलावा शोषतो. डॉट ३ दर्जाच्या नव्या द्रवाचा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश सेल्सिअस असतो, ओलावा शोषलेल्या द्रवासाठी हीच किमान मर्यादा १४० अंश आहे. लांब उतारावर ब्रेक तापून द्रव उकळला, की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पायाखालचे पेडल पोकळ लागते. सर्वसाधारणपणे दोन वर्षांनी हा द्रव बदलावा. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवावी. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रल करून उतरणे म्हणजे जिवाशी खेळ होय.

पाट्यांचे यू-बोल्ट सैल झाले, की पाटे सरकतात व तुटतात. शॅकलच्या पिना आणि प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस यांना जेथे ग्रीसची सोय आहे, तेथे जुने काळे ग्रीस बाहेर येईपर्यंत नवे भरावे. ठरवून दिलेल्या वजनापेक्षा अधिक माल भरल्यास पाटे, बेअरिंग, क्लच, ब्रेक व टायर या सर्वांचे आयुष्य एकाच वेळी घटते. जादा फेरीचा वाचलेला खर्च पुढे दुरुस्तीत व्याजासह फेडावा लागतो.

टायरमधील हवा गाडी थंड असताना तपासावी. पिकअपच्या टायरवरील नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. टायरच्या बाजूवर शेवटी छापलेले चार अंक त्याचे उत्पादन सांगतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असूनही रबर तडकलेले असेल, तर असा टायर बदलावा.

वीज आणि गंज

गाडी सुरू न होण्यामागे पुष्कळदा बॅटरीच्या टोकांवर साचलेली पांढरी-हिरवी बुरशी किंवा सैल झालेली अर्थिंगची तार एवढेच कारण असते. टोके साफ करून घट्ट बसवावीत व त्यांवर पेट्रोलियम जेली लावावी. विश्रांतीत पूर्ण भरलेली बारा व्होल्टची बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिन चालू असताना साधारण १४ व्होल्ट मिळाले, तर चार्जिंग ठीक आहे असे समजावे.

कोकणपट्टीत गंजाचा प्रश्न अधिक तीव्र आहे. मासळी वाहणाऱ्या गाडीच्या हौद्यातून बर्फाचे खारे पाणी चॅसीवर ठिबकत राहते. अशी गाडी प्रत्येक खेपेनंतर गोड्या पाण्याने खालून धुवावी. घाटावरही पावसाळ्यानंतर चॅसीच्या कोपऱ्यांतील चिखल काढून पाणी निचऱ्याची छिद्रे मोकळी करावीत. वरून दिलेल्या रंगापेक्षा ही खालची स्वच्छता गाडीला अधिक आयुष्य देते.

नोंदवहीचे महत्त्व

वरील सर्व कामांना जोडणारा दुवा म्हणजे नोंदवही. शासकीय कार्यालयांत वाहनाचे लॉगबुक ठेवण्याची पद्धत परिचित आहे. खाजगी किंवा संस्थेच्या गाडीसाठीही साधी शंभर पानी वही पुरेशी आहे. दिनांक, किलोमीटर, भरलेले डिझेल, केलेले काम, बदललेला सुटा भाग आणि खर्च असे सहा रकाने आखावेत. चालक बदलला तरी वही बदलत नाही. गाडीची स्मृती तिच्यात राहते.

ही वही बिघाडाची आगाऊ वर्दीही देते. समजा, एखादी गाडी लिटरमागे १२ किलोमीटर जात होती आणि आता १० जाते. महिन्याला १,५०० किलोमीटर धावल्यास पूर्वी १२५ लिटर डिझेल लागे, आता १५० लिटर लागते. दरमहा २५ लिटरची ही गळती डोळ्यांना दिसत नाही, कागदावर मात्र लगेच दिसते. फिल्टर, टायरमधील हवा, चिकटलेले ब्रेक किंवा नोझल यांपैकी कोठे तरी दोष आहे, हे त्यावरून कळते. शिक्षकांना सरासरीचा पाठ शिकविण्यासाठीही अशा वहीतील आकडे उपयोगी पडू शकतील.

दररोज सकाळी गाडी सुरू करण्यापूर्वी ऑइल, कूलंट, ब्रेकचा द्रव, टायर, दिवे आणि गाडीखालील जमिनीवरचे डाग पाहण्यास दहा मिनिटे पुरतात. संस्थेच्या गाडीबाबत हे काम कोणी करावयाचे, हे नावानिशी ठरवून द्यावे. सर्वांची जबाबदारी ती कोणाचीच नसते, हा अनुभव वाहनालाही लागू पडतो.

थांबावे केव्हा ?

निगा कितीही चोख असली, तरी प्रत्येक वाहनाला मर्यादा आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमानुसार केंद्र व राज्य शासन, महापालिका, नगरपालिका व पंचायती यांच्या मालकीच्या वाहनांची नोंदणी १५ वर्षांनंतर नूतनीकृत होत नाही. ग्रामपंचायतीची गाडी असल्यास ही मुदत ध्यानात घेऊन नव्या वाहनाची तरतूद आधीच करावी. खाजगी मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. ती तपासणी केवळ कागदासाठी न मानता गाडीची वार्षिक आरोग्य तपासणी समजावी.

चॅसीला तडा गेला, गंजाने पाट्यांचे आधार पोखरले किंवा ब्रेकचे भाग मिळेनासे झाले, तर ममता बाजूला ठेवून गाडी नोंदणीकृत वाहन मोडीत काढण्याच्या केंद्रात द्यावी. केवळ इंजिन सुरू होते म्हणून गाडी रस्त्यावर ठेवणे योग्य नव्हे. उलट, चॅसी भक्कम आणि ब्रेक निर्दोष असतील, तर वयाकडे पाहून घाईने गाडी विकण्याचेही कारण नाही. या दोन्ही निर्णयांना आधार लागतो तो पुराव्याचा, आणि तो पुरावा रोजच्या पाहणीतून व नीट ठेवलेल्या वहीतूनच मिळतो.