संगणकाची वही कोण तपासणार?

जमाखर्च लिहिणाऱ्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. दिवसअखेर रोकड आणि वही यांचा ताळा जुळला नाही, तर एक तर रोकड चुकली असते किंवा वही. रोकड पुन्हा मोजावी, वही ओळीओळीने तपासावी, हा पहिला धडा आम्ही बी. कॉम. होताना शिकलो आणि कारकुनीत तो रोज कामी येतो. पण समजा, कोणी म्हणाले, "वही तुम्हाला दाखवता येणार नाही. ती यंत्रात आहे. यंत्र चुकत नाही. म्हणजे पैसे तुम्हीच खाल्ले!" तर त्या माणसाने काय करावे?

हा प्रश्न काल्पनिक नाही. ब्रिटनमध्ये ९०० हून अधिक माणसांवर हा प्रसंग आला. कित्येकजण तुरुंगात गेले, अनेकांची घरे विकली गेली, काहींनी जीव दिला. आणि चूक वहीची होती! आपल्या घरातली मुले आज संगणकावर काम करीत आहेत. बँक, रेशन, पगार, परीक्षा, सगळे यंत्रावर गेले आहे. तेव्हा ही हकीकत प्रत्येक कामगार कुटुंबाने नीट समजून घेतली पाहिजे, असे आम्हाला वाटते.

होरायझन नावाचे यंत्र

ब्रिटनमध्ये गावोगावची छोटी पोस्ट ऑफिसे बहुधा किराणा दुकानाच्या एका कोपऱ्यात असतात. ती चालवणाऱ्या माणसाला सब-पोस्टमास्तर म्हणतात. तो सरकारी नोकर नसतो. स्वतःची पुंजी घालून दुकान घेतो आणि कराराने पोस्टाचे काम करतो. हिशेबात तूट आली तर ती त्याने खिशातून भरायची, असे पोस्ट खाते त्या कराराच्या आधारे सांगत असे.

१९९९ सालापासून या पोस्टांमध्ये 'होरायझन' नावाची संगणक प्रणाली बसवण्यात आली. ती पुरवणारी कंपनी पुढे जपानच्या फुजित्सू कंपनीत मिसळून गेली. तोपर्यंत पोस्टमास्तर कागदावर हिशेब लिहीत. चूक झाली तर मागची पाने उलटून सापडत असे. आता पडद्यावर फक्त आकडा दिसू लागला. तो आकडा कसा आला, हे पाहण्याची सोय पोस्टमास्तरापाशी नव्हती.

आणि आकडे चुकू लागले. हॅम्पशायरमधल्या साउथ वॉर्नबरो गावी जो हॅमिल्टन या बाई दुकान आणि पोस्ट चालवीत. त्यांना २,००० पौंडांची तूट दिसली. त्यांनी मदतीसाठी फोन केला. पलीकडून सांगितले तसे त्या करीत गेल्या, आणि डोळ्यांदेखत तूट ४,००० पौंड झाली! पुढे हा आकडा ३६,००० वर गेला. घर गहाण पडले. चोरीचा आरोप मागे घेऊ, पण खोटे हिशेब लिहिल्याचा गुन्हा कबूल करा, असा पेच त्यांच्यापुढे टाकण्यात आला. तुरुंग टळावा म्हणून त्यांनी तो कबूल केला. गावकऱ्यांनी मात्र त्यांना टाकले नाही. लोकांनी पैसे जमवून दिले आणि कोर्टात येऊन बसले.

सरे परगण्यातल्या वेस्ट बायफ्लीट येथील सीमा मिश्रा या भारतीय वंशाच्या भगिनी. त्यांच्यावर सुमारे ७४,००० पौंडांच्या चोरीचा आरोप आला. ११ नोव्हेंबर २०१० रोजी त्यांना १५ महिन्यांची शिक्षा झाली. त्या दिवशी त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता आणि त्या स्वतः आठ आठवड्यांच्या गरोदर होत्या. होरायझनमधल्या एका दोषाची टिपणी खटल्याच्या काही दिवस आधीच पोस्ट खात्याच्या वकिलांपर्यंत पोहोचली होती. ती बचाव पक्षाला दिली गेली नाही, हे पुढे उघड झाले.

"तुम्ही एकटेच आहात"

या प्रकरणातली आम्हाला सर्वांत संतापजनक वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. पोस्टमास्तर तक्रार करी, तेव्हा त्याला उत्तर मिळे, "इतर कोणालाच असा त्रास नाही. तुमच्याच पोस्टात कसा होतो?" शेकडो लोकांना हेच सांगितले गेले. प्रत्येकाला वाटले, आपलेच काहीतरी चुकत असेल. शेजारी बोलू लागले, "बाईने म्हाताऱ्यांच्या पेन्शनचे पैसे खाल्ले." दुकानावर गिऱ्हाईक येईना. मुलांना शाळेत टोमणे बसू लागले. अब्रूने जगणाऱ्या गरीब माणसाला तूट परवडेल, पण चोर हा शब्द कसा परवडणार?

ही कोंडी फोडली वेल्समधल्या ॲलन बेट्स यांनी. क्रेग-इ-डॉन येथील त्यांच्या पोस्टातही यंत्र बसल्यावर थोड्याच दिवसांत तूट दिसू लागली. बेट्स यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे कागद जपून ठेवले. दुसरी म्हणजे, आकडा कसा आला ते दाखवल्याशिवाय तूट मान्य करून भरणार नाही, असे लेखी कळवले. २००३ साली त्यांचा करार रद्द झाला. घातलेली पुंजी गेली. तरी त्यांनी पाठपुरावा सोडला नाही.

२००९ च्या मे महिन्यात 'कॉम्प्युटर वीकली' या नियतकालिकाने काही पोस्टमास्तरांच्या हकीकती छापल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेनी कॉम्प्टन या लहानशा गावाच्या सभागृहात बेट्स यांनी पीडितांची बैठक बोलावली. एकमेकांना कधी न पाहिलेली माणसे एकत्र बसली आणि प्रत्येकाची कहाणी सारखीच निघाली! ज्या क्षणी त्यांना कळले की आपण एकटे नाही, त्याच क्षणी यंत्राच्या खरेपणाला पहिला तडा गेला. एकेकटा माणूस आरोपी असतो. संघटित झाला की तो साक्षीदार होतो.

यंत्रात काय बिघडले होते?

संगणक स्वतः विचार करीत नाही. माणसाने लिहून दिलेल्या सूचना तो पाळतो. या सूचनांच्या लिखाणाला कोड म्हणतात. स्वयंपाकाच्या कृतीत मीठ दोनदा लिहिले, तर भाजी खारटच होणार. चुलीला दोष देऊन काय उपयोग?

होरायझनच्या कृतीत असे दोष होते. २०१५ साली उघड झालेला एक दोष पाहा. स्कॉटलंडमधील एका पोस्टात ८,००० पौंडांची रोकड एका शाखेतून दुसऱ्या शाखेच्या नावे करायची होती. पडदा अडकला म्हणून बाईंनी बटण पुन्हा पुन्हा दाबले. यंत्राने प्रत्येक दाबणे म्हणजे नवी रक्कम धरली आणि ३२,००० पौंड नोंदवले. हातात ८,०००, वहीत ३२,०००. म्हणजे २४,००० ची तूट, तीही एक पैसा न हलता!

दुसरी बाब याहून गंभीर. कंपनीची माणसे आपल्या कार्यालयात बसून पोस्टाच्या हिशेबात फेरफार करू शकत होती, आणि पोस्टमास्तराला त्याचा पत्ताही लागत नसे. असे होऊच शकत नाही, असे पोस्ट खाते वर्षानुवर्षे सांगत राहिले. २०१५ साली कंपनीचेच एक माजी कर्मचारी रिचर्ड रोल यांनी बीबीसीच्या 'पॅनोरमा' कार्यक्रमात याला वाचा फोडली. विचार करा, दुसऱ्याच्या हाताने लिहिता येते अशा वहीवर तुम्ही तुमची सही घेता, आणि खटलाही तुमच्यावरच भरता!

कायद्यानेही गरिबाची बाजू लंगडी केली होती. संगणकाची नोंद पुराव्यात आणायची तर यंत्र नीट चालत होते हे दाखवावे लागेल, असे कलम इंग्लंडच्या १९८४ च्या कायद्यात होते. १९९९ च्या कायद्याने ते काढून टाकले. त्यानंतर यंत्र बरोबरच आहे असे कोर्ट गृहीत धरू लागले. चुकीचे आहे हे दाखवण्याचा भार आरोपीवर आला. ज्याला यंत्राच्या आत डोकावताच येत नाही, त्याने ते कसे दाखवावे?

शेवटी ५५५ जण एकत्र येऊन कोर्टात गेले. १६ डिसेंबर २०१९ रोजी न्यायमूर्ती फ्रेझर यांनी होरायझनमध्ये दोष होते असा निकाल दिला. पोस्ट खात्याची भूमिका म्हणजे आजच्या काळात पृथ्वी सपाट आहे म्हणण्यासारखी आहे, असे कडक शब्द त्यांनी वापरले. ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंडांची तडजोड झाली, पण बहुतेक रक्कम खटल्याच्या खर्चात गेली आणि माणशी सुमारे २०,००० पौंड उरले. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील कोर्टाने ३९ जणांना निर्दोष ठरवले. त्यांत हॅमिल्टनबाई आणि सीमा मिश्रा होत्या. जानेवारी २०२४ मध्ये टीव्हीवर या विषयाची मालिका आली, देश खवळला, आणि २४ मे २०२४ रोजी उरलेल्या शिक्षा सरसकट रद्द करणारा कायदा झाला. जुलै २०२५ मध्ये चौकशी अहवालाचा पहिला भाग आला. या छळामुळे किमान १३ जणांनी आत्महत्या केली असावी, असे त्यात म्हटले आहे. कायद्याने शिक्षा पुसली, पण ही १३ माणसे काही परत आली नाहीत.

उघडी वही, बंद वही

यातून आम्ही काय घ्यायचे? संगणक वाईट, पुन्हा चोपडीकडे चला, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. यंत्र हवे. पण सार्वजनिक कामाच्या यंत्राची वही उघडी हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

संगणकाच्या जगात यावर जुना वाद आहे. कंपन्या म्हणतात, कोड ही आमची मालमत्ता, ती आम्ही दाखवणार नाही. १९८३ साली अमेरिकेतले रिचर्ड स्टॉलमन यांनी याविरुद्ध चळवळ उभी केली. जो प्रोग्राम आपण वापरतो तो वाचण्याचा, तपासण्याचा, सुधारण्याचा आणि इतरांना देण्याचा हक्क वापरणाऱ्याला असला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे. अशा प्रोग्रामला मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. इंग्रजीत एकाच शब्दाने घोटाळा होतो. मराठीत 'फुकट' वेगळे आणि 'मुक्त' वेगळे, हे सांगायला नको. १९९१ साली फिनलंडमधला २१ वर्षांचा विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स याने लिनक्स सुरू केले आणि पुढे त्याचा कोड याच तत्त्वावर जगाला खुला केला. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच लिनक्स आहे.

२०१७ साली युरोपात एक मोहीम निघाली. तिची मागणी साधी होती. जनतेच्या पैशाने बनवलेल्या प्रोग्रामचा कोड जनतेसाठी खुला असावा. आपल्याकडेही २०२० साली 'आरोग्य सेतू' ॲपबद्दल शंका निघाल्या, तेव्हा सरकारने मे महिन्यात त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड खुला केला. म्हणजे मनात आणले तर हे करता येते.

कोणी विचारील, उघड्या कोडमध्ये चुका नसतात काय? असतात. २०१४ साली ओपनएसएसएल या खुल्या प्रोग्रामात 'हार्टब्लीड' नावाचा दोष सापडला. तो दोन वर्षे तसाच होता. वही उघडी होती, पण पाने उलटायला पुरेशी माणसे नव्हती. तेव्हा नुसती वही उघडी ठेवून भागत नाही. तपासनीस हवा आणि त्याला पगारही हवा. तरीसुद्धा फरक उरतोच. उघड्या वहीतली चूक सापडली की ती कोणालाही नाकारता येत नाही. बंद वहीतली चूक नाकारता येते आणि तिची शिक्षा दुसऱ्याला भोगायला लावता येते. होरायझनचा कोड आणि त्यातल्या ज्ञात चुकांची यादी पहिल्याच खटल्यात बचाव पक्षाच्या तज्ज्ञापुढे ठेवली असती, तर पुढची किती घरे वाचली असती!

आपण काय करावे?

आपल्या मुलींनी-मुलांनी संगणक केवळ चालवायला शिकू नये, त्याच्या आत काय आहे तेही शिकावे. लिनक्स आणि त्यावरची साधने शिकायला परवान्याचा खर्च नाही. जुन्या संगणकावरही ती चालतात.

जे दुकानात, बँकेत, कार्यालयात यंत्रावर हिशेब ठेवतात त्यांनी बेट्स यांचा धडा लक्षात ठेवावा. पावती जपा. रोजच्या रोज स्वतःच्या वहीत टिपण ठेवा. तूट दिसली तर त्याच दिवशी लेखी कळवा आणि पोच घ्या. आकडा समजल्याशिवाय सही करू नका. "तुम्ही एकटेच आहात" असे कोणी म्हणाले, तर शेजारच्या शाखेतल्या माणसाला जरूर विचारा.

आणि आपल्या गल्लीत कोणावर अफरातफरीचा आळ आला, तर यंत्राच्या आकड्यावरून लगेच त्याला चोर म्हणू नका. साउथ वॉर्नबरोच्या गावकऱ्यांना कोडचे एक अक्षर कळत नव्हते. त्यांना आपली बाई कळत होती. कोर्टापेक्षा ते जवळजवळ तेरा वर्षे आधी बरोबर होते.