हेंप सीडच्या पाकिटावरचं '31 ग्रॅम प्रोटीन' कसं वाचायचं?

निगडी, मोशी, चाकण या पट्ट्यात मेसचं जेवण जेवणारी मंडळी पुष्कळ. कोणी कंपनीत शिफ्ट करतं, कोणी अभ्यासिकेत बसून नेट-पेटची तयारी करतं. मेसचं वरण पातळ, त्यामुळे प्रोटीनचं काय करायचं हा प्रश्न दोघांनाही पडतो. जिममधून हल्ली त्याचं एक उत्तर मिळतं: हेंप सीड, म्हणजे भांगेच्या झाडाचं बी. पाकिटावर लिहिलेलं असतं, '100 ग्रॅममध्ये 31 ग्रॅम प्रोटीन.' आकडा खोटा नाही. पण संशोधनाकडे वळायचं असेल, तर असा आकडा उलगडून बघायची सवय आत्तापासूनच लावा.

आधी एक शंका मिटवू. हे कायदेशीर आहे का? आहे. 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात गांजाची व्याख्या फुलोऱ्याच्या शेंड्यांपुरती आहे; शेंड्यांसोबत नसलेलं बी त्यातून वगळलंय. 2021 मध्ये एफएसएसएआयने हे बी, त्याचं तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. बियांत टीएचसी किलोमागे 5 मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. नशा आणणारं हे द्रव्य बियांत तयार होत नाही, फुलोऱ्याचा चीक लागून ते वरून येतं.

संदर्भ शोधताना मात्र जपा. भारतातल्या जुन्या इंग्रजी कागदपत्रांत 'हेंप' हा शब्द सैल वापरलाय. 'सन हेंप' म्हणजे आपला ताग आणि 'डेक्कन हेंप' म्हणजे अंबाडी. अंबाडीचं शास्त्रीय नावही हिबिस्कस कॅनाबिनस, त्यामुळे गोंधळ वाढतो. तिन्ही झाडांची कुळं वेगळी आहेत. म्हणून शोधताना कॅनाबिस सटायव्हा हे पूर्ण नाव टाका, नाहीतर अंबाडीच्या बियांचे आकडे भांगेच्या तक्त्यात जाऊन बसतील.

आता प्रोटीन. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात सोललेल्या बियांत 100 ग्रॅममागे 31.6 ग्रॅम प्रोटीन, 48.8 ग्रॅम चरबी आणि 553 किलोकॅलरी आहेत. पहिला प्रश्न विचारायचा तो 'सोललेल्या' या शब्दावर. टरफलासकट बियांत प्रोटीन 24 टक्क्यांच्या आसपास असतं. टरफल काढलं की उरलेल्याचं प्रमाण आपोआप वाढतं. दुसरा प्रश्न: 100 ग्रॅम खातंय कोण? तीन चमचे म्हणजे साधारण 30 ग्रॅम, त्यातून साडेनऊ ग्रॅम प्रोटीन मिळतं. 25 ग्रॅम हवं असेल तर 80 ग्रॅम बी खावं लागेल, आणि सोबत 440 किलोकॅलरी व 39 ग्रॅम चरबी येईल. खरं तर हे तेलबी आहे, शेंगदाण्या-तिळाच्या रांगेतलं. डाळीच्या रांगेत ते बसत नाही.

तिसरा प्रश्न दर्जाचा. हाउस आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये पीडीसीएएएस पद्धतीने या प्रोटीनची मोजणी केली. या पद्धतीत दोन गोष्टी बघतात: प्रोटीन पचतं किती, आणि त्यातलं सर्वांत कमी पडणारं आवश्यक अमिनो आम्ल गरजेच्या किती टक्के आहे. सोललेल्या बियांचं प्रोटीन 90 टक्क्यांहून जास्त पचलं, ही उत्तम गोष्ट. पण लायसिन कमी पडलं, म्हणून गुण 63 ते 66 टक्क्यांवर थांबले. टरफलासकट बियांचे गुण आणखी खाली, 50 च्या आसपास. या हिशेबाने साडेनऊ ग्रॅमचे सहाच ग्रॅम धरायचे.

पण थांबा, हा गुण 'फक्त हाच पदार्थ प्रोटीनसाठी खाल्ला तर' असं गृहीत धरून काढलेला आहे. ताटात तसं नसतं. लायसिन डाळी-कडधान्यांत भरपूर असतं, म्हणून मटकीच्या उसळीवर हे बी पेरलं तर उणीव भरून निघते. ज्वारीच्या भाकरीसोबत नुसती या बियांची चटणी खाल्ली तर मात्र नाही, कारण ज्वारीतही लायसिनच कमी. पाकीट आणलं म्हणून कोणी मेसचं वरण सोडलं, तर नेमकं जे हवं तेच ताटातून गेलं! पातळ असलं तरी ते वरण राहू द्या.

मॅग्नेशियम ही या बियांची खरी जमेची बाजू: 100 ग्रॅममागे 700 मिलिग्रॅम. लोह 8 मिलिग्रॅम आहे, पण फायटेटमुळे त्यातलं सगळं अंगी लागत नाही.

ओमेगा-3 बद्दल फार बोललं जातं. त्याच तक्त्यात सोललेल्या हेंपमध्ये अल्फा-लिनोलेनिक आम्ल पावणेनऊ ग्रॅमच्या आसपास, आणि जवसात जवळजवळ 23 ग्रॅम. ओमेगा-3 साठीच खायचं असेल, तर घरची जवसाची चटणी पुढे आहे. हेंपची बाजू मांडणारे मग ओमेगा-6 आणि ओमेगा-3 यांचं 3:1 प्रमाण दाखवतात. प्रमाण बरोबर आहे. पण त्याने शरीरात काय बदलतं, हे माणसांवरच्या चाचणीतच दिसतं.

2006 मध्ये श्वाब आणि सहकाऱ्यांनी फिनलंडमध्ये 14 निरोगी लोकांना चार आठवडे रोज 30 मिलिलिटर हेंपचं तेल दिलं, आणि मधे खंड ठेवून तेवढंच जवसाचं. एकूण कोलेस्टेरॉल आणि एचडीएल यांचं गुणोत्तर हेंपच्या काळात कमी दिसलं, पी-व्हॅल्यू 0.065. नेहमीच्या 0.05 च्या रेषेपलीकडचा हा आकडा 'हेंप हृदयाला चांगलं' अशा मथळ्यात गेला, की 0.065 गळून पडतं. 2008 मध्ये कौल आणि सहकाऱ्यांनी 86 जणांवर 12 आठवडे चाचणी केली. त्यात हेंपच्या तेलाने रक्तातल्या चरबीत लक्षणीय फरक पडला नाही. मात्र तिथे मात्रा रोज फक्त 2 ग्रॅम तेलाची होती.

दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवताना मात्रा बघायचीच. तुमच्या तीन चमच्यांत तेल सुमारे साडेचौदा ग्रॅम, म्हणजे एका चाचणीच्या सातपट आणि दुसरीच्या साधारण निम्मं. शिवाय त्या लोकांनी नुसतं तेल घेतलं होतं, तुम्ही अख्खं बी चावून खाताय.