घरमालकाने सिबिल मागितला तर?

ज्यांना एपिसोड ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप.

आमच्या मुकुटबनला खोली भाड्याने घ्यायची तर मालक दोनच प्रश्न विचारतो. सिमेंट कारखान्यात की खाणीत? आणि गाव कोणतं? चहा संपेपर्यंत खोली पक्की. पुण्यात पहिलं घर बघायला गेलो तर काका म्हणाले, "सिबिलची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपला टाका." अरे बावा, मी घर मागायला आलोय की कर्ज?

तरी रिपोर्ट काढला. कॉलेजात हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलचं खातं त्यात थकीत दिसत होतं. हप्ते सगळे भरलेले! पण ती चूक दुरुस्त होईपर्यंत घर दुसऱ्याला गेलं.

आता मुद्द्याचं. सिबिल स्कोर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि तो तुमच्या कर्ज-कार्डाच्या परतफेडीवरून ठरतो. घरभाडं वेळेवर भरलं तरी त्याची नोंद तिथे सहसा होतच नाही. म्हणजे पाच वर्षं एक तारखेला भाडं देणारा, पण कधीच कर्ज न घेतलेला मुलगा रिपोर्टमध्ये कोरा दिसतो. कोरा म्हणजे वाईट नाही, एवढं मालकाला समजावून सांगा.

२००५ च्या क्रेडिट माहिती कायद्यानुसार घरमालक तुमचा रिपोर्ट परस्पर काढू शकत नाही. म्हणून तर तो तुमच्याकडे मागतो. देणं-न देणं तुमच्या हातात. पूर्ण पीडीएफमध्ये पॅन, जन्मतारीख, जुने पत्ते, सगळी खाती असतात. ती अनोळखी माणसाला पाठवू नका. द्यायचंच असेल तर फक्त स्कोरचं पान दाखवा, सोबत पगाराची स्लिप आणि आधीच्या मालकाचा नंबर. माझ्या अनुभवात तो नंबर जास्त कामी येतो.

घर शोधायच्या महिनाभर आधीच रिपोर्ट बघा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, क्रिफ हाय मार्क, चौघांकडूनही वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. स्वतः बघितल्याने स्कोर कमी होत नाही. चूक दिसली की ऑनलाइन तक्रार करा; ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. मला तेव्हा हे माहीतच नव्हतं.

आणि मालक तुमची कागदपत्रं तपासतोय तर तुम्हीही त्याचं एक तपासा: करार नोंदवतोय का? "अकरा महिन्यांचाच आहे, नोंदणी कशाला" हे महाराष्ट्रात चालत नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. हे कलम ऐकवलं की बरेच काका लगेच नोंदणीची तारीख काढतात.