संशोधन-सामग्रीचे जतन आणि एक्स्टर्नल हार्ड डिस्कची निवड : अहिल्यानगर जिल्ह्यातील संशोधकांच्या संदर्भात

बीजसंज्ञा : बॅकअप, एक्स्टर्नल हार्ड डिस्क, क्षेत्रीय संशोधन, युनिकोड, ३-२-१ नियम.

प्रस्तावना :
शके १२१२ मध्ये (इ.स. १२९०) नेवासे येथे ज्ञानेश्वरांनी सांगितलेली आणि परंपरेनुसार सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतलेली ज्ञानेश्वरीची मूळ प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ टिकला, कारण त्याच्या नकला अनेक ठिकाणी होत गेल्या. नकलांबरोबर अशुद्ध पाठही शिरले, म्हणून संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ.स. १५८४) प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. या घटनाक्रमातून जतनाची तीन तत्त्वे हाती येतात : नकला एकापेक्षा अधिक असाव्यात, त्या निरनिराळ्या ठिकाणी असाव्यात आणि मुळाशी ताडून पाहिलेल्या असाव्यात. संगणकीय सामग्रीलाही हीच तत्त्वे लागू पडतात. प्रस्तुत लेखात त्यांच्या आधारे एक्स्टर्नल हार्ड डिस्कच्या निवडीचे विवेचन केले आहे.

विषयाचे महत्त्व :
क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात क्षेत्रीय संशोधनास मोठा वाव आहे. अकोले तालुक्यातील आदिवासी गीते, पाथर्डी-जामखेड भागातील ऊसतोड कामगारांच्या मुलाखती किंवा दुष्काळाच्या आठवणी असे साहित्य एकदाच ध्वनिमुद्रित होते. प्रबंधाचे एखादे प्रकरण पुन्हा लिहिता येते. परंतु निवेदक वृद्धा निवर्तल्यावर तिची मुलाखत पुन्हा घेता येत नाही. असे असूनही पुष्कळदा ही सामग्री एकाच लॅपटॉपमध्ये वा एका पेन ड्राइव्हमध्ये असते. दि. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत असंख्य कागदपत्रे जळाली. माध्यम कागदाचे असो वा चुंबकीय, एकाच जागी असलेली सामग्री एकाच दुर्घटनेत नष्ट होऊ शकते.

हार्ड डिस्कचे स्वरूप :
आय.बी.एम.ने १९५६ मध्ये आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि तिच्यात सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज तळहातावर मावणाऱ्या डिस्कमध्ये एक टी.बी. किंवा त्याहून अधिक सामग्री राहते. कार्यतत्त्व मात्र तेच आहे. वेगाने फिरणाऱ्या तबकडीवरून वाचन-लेखनाचे शीर्ष अत्यंत सूक्ष्म अंतरावरून सरकते. त्यामुळे चालू असताना बसलेला धक्का तिला घातक ठरतो.

दुसरा प्रकार एस.एस.डी.चा. यात फिरणारा भाग नसल्याने ती धक्का सहन करते आणि वेगवानही असते. परंतु तेवढ्याच क्षमतेला अधिक पैसे पडतात. शिवाय तिच्यातील सामग्री विद्युतभाराच्या रूपात असते आणि दीर्घकाळ विजेविना ठेवल्यास हा भार क्षीण होऊ शकतो. म्हणून गावोगावी नेण्यासाठी एस.एस.डी. आणि कपाटात जपून ठेवण्यासाठी हार्ड डिस्क, अशी विभागणी सोयीची ठरते.

क्षमतेचा अंदाज :
खरेदीपूर्वी आपल्या सामग्रीचे मोजमाप करावे. उत्तम प्रतीच्या, संक्षेप न केलेल्या ध्वनिमुद्रणास ताशी सुमारे ६३५ एम.बी. जागा लागते, म्हणजे १०० तासांच्या मुलाखतींना सुमारे ६४ जी.बी. ३०० डी.पी.आय.वर रंगीत स्कॅन केलेल्या ए-फोर पानास, संक्षेप न केल्यास, सुमारे २६ एम.बी. लागतात, म्हणजे २००० पानांना ५२ जी.बी. दोन्ही मिळून ११६ जी.बी. होतात. यावरून चित्रफिती नसल्यास एक टी.बी. क्षमता एका संशोधकास पुरेशी ठरते, हे स्पष्ट होते. उत्पादक एक टी.बी. म्हणजे एक हजार जी.बी. धरतात, तर विंडोज प्रणाली वेगळ्या एककाने मोजत असल्याने संगणकावर ९३१ जी.बी. दिसतात. ही फसवणूक नव्हे. मात्र अत्यल्प किमतीत १६ टी.बी.चे आमिष दाखविणारी उपकरणे बहुधा बनावट असतात. त्यांवर लिहिलेली सामग्री प्रत्यक्षात साठविलीच जात नाही.

निवडीचे निकष :
१) वीज : अडीच इंची डिस्क यू.एस.बी. केबलवरूनच वीज घेते. साडेतीन इंची डिस्कला स्वतंत्र अडॅप्टर लागतो. म्हणून वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणी तिला यू.पी.एस.ची जोड हवी. लेखन चालू असताना वीज गेल्यास फाइल खराब होऊ शकते.
२) वेग : यू.एस.बी. २.० जोडणीवर प्रत्यक्षात सेकंदाला सुमारे ३५ एम.बी. नकल होतात, तर ३.० वर हार्ड डिस्क सुमारे १०० एम.बी.चा वेग गाठते. त्यानुसार ५०० जी.बी.ला पहिल्यावर चार तास, तर दुसऱ्यावर दीड तासाहून कमी वेळ लागतो. लहान फाइल पुष्कळ असल्यास हा वेळ वाढतो.
३) फाइल प्रणाली : फॅट-३२ मध्ये ४ जी.बी.हून मोठी फाइल मावत नाही. केवळ विंडोज वापरणाऱ्यांनी एन.टी.एफ.एस., तर मॅकही वापरणाऱ्यांनी एक्सफॅट निवडावी.
४) गोपनीयता : मुलाखती देणाऱ्यांच्या खासगी बाबी डिस्कवर असल्यास सांकेतिकीकरण आवश्यक आहे. परंतु परवलीचा शब्द विसरल्यास सामग्री कायमची बंद होते; म्हणून तो लिहून स्वतंत्र ठिकाणी ठेवावा.
५) हमी : उत्पादकाची हमी डिस्क बदलून देण्याची असते, तिच्यातील सामग्रीची नव्हे.

एका डिस्कची मर्यादा :
हजारो डिस्क वापरणाऱ्या बॅकब्लेझ या कंपनीच्या प्रसिद्ध आकडेवारीनुसार अलीकडच्या वर्षांत डिस्क बिघडण्याचे वार्षिक प्रमाण साधारणतः एक ते दोन टक्के आहे. ते दीड टक्का धरल्यास दोन स्वतंत्र डिस्क एकाच वर्षात बिघडण्याची शक्यता दहा हजारांत दोन-तीन इतकीच उरते. परंतु दोन्ही डिस्क एकाच खणात असतील तर चोरी, आग वा पाणी यांच्या दृष्टीने त्या दोन नसून एकच असतात. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्या नावाशी जोडला जाणारा ३-२-१ नियम हेच सांगतो : तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमे आणि एक प्रत अन्यत्र. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने आणखी एक धडा दिला. असे विषाणू संगणकास जोडलेल्या डिस्कवरील फाइलही कुलूपबंद करतात. म्हणून बॅकअप होताच डिस्क रीतसर बंद करून काढून ठेवावी.

ऑनलाइन साठवण तिसऱ्या प्रतीसाठी उपयुक्त आहे, पण तिच्यावरच विसंबणे इष्ट नाही. गुगलने शैक्षणिक संस्थांसाठीची अमर्याद मोफत साठवण जुलै २०२२ पासून बंद करून ती संस्थेमागे १०० टी.बी.वर आणली. अटी सेवा देणारा ठरवितो, हे येथे लक्षात घ्यावे.

मराठी सामग्रीची विशेष अडचण :
युनिकोडपूर्व काळात टंकलिखित झालेले पुष्कळ मराठी लेखन श्रीलिपी, शिवाजी यांसारख्या फॉन्टमध्ये आहे. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर सुस्थितीतील फाइलही निरर्थक चिन्हे दाखविते. अशा वेळी डिस्क सुरक्षित असूनही मजकूर गमावलेला असतो. म्हणून मूळ फाइलसोबत युनिकोडमध्ये रूपांतरित मजकूर आणि फॉन्ट अंतर्भूत केलेली पी.डी.एफ. प्रत ठेवावी. रूपांतरात जोडाक्षरे बिघडतात. तेव्हा मुद्रितशोधन अनिवार्य होय.

निष्कर्ष :
१) एका मोठ्या, महागड्या डिस्कपेक्षा मध्यम क्षमतेच्या दोन डिस्क श्रेयस्कर होत.
२) एक डिस्क घरी आणि दुसरी महाविद्यालयात वा अन्य गावी ठेवावी; प्रत्येकीवर दिनांक आणि आशय लिहावा.
३) दर महिन्यास बॅकअप घ्यावा, दर सहा महिन्यांनी काही फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात.
४) साधारणतः पाच वर्षांनी, डिस्क चालू असली तरी, सामग्री नव्या डिस्कवर न्यावी.
५) महाविद्यालयीन ग्रंथालयांनी संशोधकांच्या ध्वनिमुद्रणांची एक प्रत, निवेदकांच्या संमतीने, जतनासाठी स्वीकारावी.

क्षेत्रीय संशोधकाकडील आवाज हे त्याला विश्वासाने सोपविलेले धन असते. ते पुढील पिढीपर्यंत पोहोचविणे हा संशोधनकार्याचाच भाग मानला पाहिजे.