नव्वद दिवसांचा दाखला आणि युनियनची पावती



वरूडला सकाळी मजुरांच्या ठिय्यावर उभं राहिलं की मिस्त्री, सेंट्रिंगवाले, गिलाव्याचे कारागीर आणि टोपलं उचलणाऱ्या रेजा, सगळे एकाच जागी दिसतात. आपल्या वस्त्यांमधली कितीतरी घरं याच रोजीवर चालतात. संत्र्याचा तोडा सुरू झाला की यातलेच बरेच जण बागेत जातात आणि तोडा संपला की परत बांधकामावर येतात. या लोकांकडून आम्हाला वारंवार एकच प्रश्न येतो: "भाऊ, युनियनची पावती फाडल्याशिवाय कामगार कार्ड निघत नाही, हे खरं हाय का?"

खरं नाही. पण हा समज का पसरला, ते समजून घ्यायला हवं.

बांधकाम कामगारांसाठीचा केंद्रीय कायदा १९९६ चा होता. त्याच वर्षीच्या उपकर कायद्याने बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर लावला आणि तो पैसा राज्याच्या कल्याणकारी मंडळाकडे जातो. नोंदणीच्या मुख्य अटी दोन: वय १८ ते ६० आणि मागच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामाचं काम. युनियनचं सभासद असावं, अशी अट त्यात नाही. मंडळाच्या योजना लहानसहान नाहीत. पहिली ते सातवीच्या मुलाला वर्षाला २,५०० रुपये, आठवी ते दहावीला ५,००० आणि कामावर अपघाती मृत्यू झाला तर वारसाला ५ लाख.

अडचण आहे ती ९० दिवसांच्या दाखल्यात. मोठ्या साइटवरच्या कामगाराला ठेकेदार दाखला देऊ शकतो. पण वरूड, जरूड, शेंदुरजनाघाटकडचा मजूर वर्षभरात दहा-बारा ठिकाणी काम करतो. कुठे चार दिवस स्लॅब, कुठे आठवडाभर गिलावा. हजेरीपट कोणी ठेवत नाही, संत्र्याच्या बागेतले दिवस यात धरले जात नाहीत. मग गावात ग्रामसेवक आणि शहरात नगर परिषद. तिथले लोक म्हणतात, आम्ही न पाहिलेल्या कामावर सही कशी करू? त्यांचंही अगदीच खोटं नाही. या फटीत दलाल शिरतो. कधी तो नुसता दलाल असतो, कधी युनियनचं लेटरहेड घेऊन येतो, आणि वर्गणी व सहीची किंमत एकाच पावतीत बसवतो.

युनियनने वर्गणी घेऊ नये, असं आमचं म्हणणं नाही. कार्यालयाचं भाडं, अमरावतीच्या फेऱ्या, वकील, हे फुकट होत नाही. लढ्याचा फायदा सगळ्यांनी घ्यायचा आणि खर्च मोजक्यांनी करायचा, हाही अन्यायच. पण वर्गणी म्हणजे काय, याची चौकट १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने घालून दिली. २००१ च्या दुरुस्तीने असंघटित कामगारासाठी किमान वर्गणी वर्षाला फक्त ३ रुपये धरली. संघटना जास्त ठरवू शकते, पण ती नियमावलीत असायला हवी. असंघटित क्षेत्रातल्या युनियनचे किमान निम्मे पदाधिकारी त्या धंद्यात प्रत्यक्ष काम करणारे हवेत. निवडणूक जास्तीत जास्त तीन वर्षांनी आणि हिशेबाची वही सभासदाला पाहता आली पाहिजे. म्हणून पावती फाडणाऱ्याला विचारा: नियमावली कुठे आहे? पदाधिकाऱ्यांत मिस्त्री किती, रेजा किती?

रेजांचा प्रश्न आम्ही मुद्दाम काढतो. मिस्त्र्यांची संघटना आणि हाताखालच्या बायांना जागा नाही, हे आपल्याला नवीन नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे. रोजी जास्त होती ती त्याच खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा भेद उघडपणे मांडला. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. आणि तेच बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये युनियनला मान्यता देणं मालकांना बंधनकारक करणारं विधेयक घेऊन आले. युनियन हवी, पण भेदाशिवाय, असा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

आता एक नवी गोष्ट, जिच्याकडे आपल्या कार्यकर्त्यांचं फारसं लक्ष नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या. जुन्या कायद्यात स्वतःच्या राहण्यासाठी बांधलेलं १० लाखांपर्यंतचं घर वगळलेलं होतं. सामाजिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा ५० लाख झाली. पुण्या-मुंबईत याने फार फरक पडणार नाही. पण वरूडसारख्या तालुक्यात ५० लाखांवरचं घर किती जण बांधतात? म्हणजे आपला मजूर ज्या घरांवर राबतो, त्यातली बहुतेक घरं उपकराच्या बाहेर. मंडळाकडे उपकराचे कोट्यवधी रुपये पडून राहतात, यावर सर्वोच्च न्यायालयाने १९ मार्च २०१८ च्या निकालात कडक ताशेरे ओढले होते. आता जमा होण्याचाच रस्ता अरुंद होतो आहे.

तोवर आम्ही विहारात येणाऱ्या प्रत्येक कामगाराला एक दोनशे पानी वही घ्यायला सांगतो. तारीख, जागा, घरमालक किंवा ठेकेदाराचं नाव, काम, रोजी आणि जमलं तर त्याची सही. लिहिता येत नसेल तर दहावी-बारावीतल्या मुलांनी रोज संध्याकाळी लिहून द्यावं. दाखल्यासाठी जाताना वही, आधार आणि बँकेचं पासबुक सोबत न्या, आणि कोणी पैसे मागितले तर आधी पावती मागा.